तिसरा उमेदवार

नेतृत्वाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्धवेळ व्याख्याता नेमायचा असला, की कॉलेजचे हेडक्लार्क शिकवण्यांवर पोट भरणाऱ्या एका सरांना हमखास फोन करायचे. “सर, तेवढं येऊन जा हो. तीन उमेदवार हजर नसले तर मुलाखतच घेता येत नाही, आणि तुमच्याइतकं भरवशाचं दुसरं कोण आहे?”

निवड आधीच ठरलेली असायची. सर नुसते संख्या भरायला जायचे. असं नऊ वर्षं चाललं होतं, तरी आदल्या दिवशी ते वेड्यासारखे नव्याने टाचण काढत बसायचे.

यंदा मात्र बाकावर ते एकटेच होते. बाकीचे दोघे फिरकलेच नाहीत. त्यांना म्हणे दुसरीकडे कायमची नोकरी लागली होती. सरांनी कॉलर सारखी केली, टाचण पुन्हा एकदा नजरेखालून घातलं.

बारा वाजता हेडक्लार्क फाईल मिटूनच बाहेर आले.

“सर, मुलाखत रद्द. तीन भरले नाहीत.”

“अहो, पण मी आलोय की!”

“तुम्ही तर तिसरे, सर. पहिले दोघे कुठून आणू?”