नीव्हचं बारसं

सुशांतच्या मुलीचं बारसं झालं ते साल दोन हजार तेवीस. तो आणि त्याची आयरिश बायको ओर्ला, तीन महिन्यांची पोर घेऊन डब्लिनहून मुलुंडला आले होते.

बायका पाळणा सजवत होत्या, आणि सुशांतचे वडील जयवंत गॅलरीत पाठ फिरवून बसले होते. 'तुझ्या आईचं नाव ठेव' एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं. पोरांनी भलतंच ठरवलं. काय ठरवलं तेही कळेना, कारण आत्यानं कानात सांगेपर्यंत नाव कुणी तोंडातून काढायचं नाही, ही घरची रीत. ओर्लानं ती सगळ्यांपेक्षा कडक पाळली.

आत्या म्हणजे सुशांतची बहीण श्वेता. तिला नाव कागदावर लिहून दिलं होतं. ती कागद घेऊन गॅलरीत आली.

"वाचा. पण मनात."

वर इंग्रजी अक्षरं, खाली सुशांतच्या हातचं मराठी. जयवंतांनी दोन्ही ओळींवरून दोनदा बोट फिरवलं.

"काय गो, शेवटी एम आणि एच, आणि त्याचा व्ह कसा झाला?"

"त्यांच्यात होतो, बाबा."

"मग म गेला कुठं?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

ओर्ला दारात उभी होती. जयवंत तिच्याकडे वळले.

"नाव नको सांगू. अर्थ सांग."

ओर्ला शब्द जुळवत म्हणाली, "उजेड. चमक. सुशांत म्हणाला, मराठीत... प्रभा."

 जयवंतांनी कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"म्हणजे तिचंच की," ते म्हणाले आणि उठले.

श्वेतानं पोरीच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी 'कुर्रर्र' करत श्वेताच्या पाठीवर धपके घातले. गर्दी घुगऱ्यांकडे वळल्यावर जयवंत पाळण्यावर वाकले.

"नीव्ह," ते म्हणाले. थांबून पुन्हा म्हणाले. मग जरा मोठ्यानं.

"पुरे की आता," श्वेता म्हणाली. "आईला कधी एकदा तरी नावानं हाक मारलीत?"

"दहा बाय दहाची खोली, त्यात माझे आईबाप. कशी मारणार?" पाळण्याची दोरी न सोडता ते म्हणाले. "नीव्ह. ए नीव्ह."

त्यांची बायको रत्नप्रभा दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये वारली.