सावळी पुढे चालते

मुरबाडजवळच्या एका खाचरात सावळी भात लावत पुढे पुढे चालली होती.

लावणी करणारं माणूस मागे सरकतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुढे चाललं की लावलेलं रोप पायाखाली जातं. पण सावळी झालेली नटी खुशाल तुडवत येत होती, गोरी गोरी पान, कॅमेऱ्यात चेहरा मोठा दिसावा म्हणून.

सिनेमा ज्या कादंबरीवर, ती पौर्णिमाची. तिला राहवलं नाही. "सर, सावळीची जादूच त्यात आहे हो! ती मागे सरकत लावते, आणि तिने लावलेली ओळ दैत्याला ओलांडता येत नाही."

"मॅडम, हिरॉइन माघार घेतेय असं वाटतं ते," दिग्दर्शक म्हणाला. "आणि बदल करायचे हक्क तुम्हीच दिलेत ना?"

दिले होते. न वाचता सही ठोकली होती बाईनं, आता घ्या!

बांधावर तिची आत्या बसली होती, धोंडाबाई. काळी, थोराड, लावणी करकरून वाकलेली, पुढचे दात गेलेले. वाचता येत नव्हतं. पुस्तक छापून आलं तेव्हा पौर्णिमाने सांगितलं होतं, "आत्या, यातली सावळी म्हणजे तूच." तेव्हापासून ते आटगावच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवलेलं. आज म्हातारी स्वतःला बघायला आली होती.

"ती कोण गो?" तिनं नटीकडे बोट केलं.

"आहे कुणी दुसरीच." खरं सांगायला पौर्णिमाची जीभ रेटेना.

तेवढ्यात दिग्दर्शकाची नजर आत्यावर पडली. "अरे, ही बघा आपली चेटकीण! मेकअपपण नको. आजी, काम करणार?"

"माझ्या पुस्तकात चेटकीण नाहीये!" पौर्णिमा ओरडली.

"सिनेमात आहे."

'चेटकीण' हा शब्द म्हाताऱ्या आत्याला ऐकूच गेला नाही, 'काम' तेवढं ऐकू गेलं. पौर्णिमाने तिचा हात धरला. "चल घरी, आत्या."

"सोड गो! माझा पार्ट हाय, तो मीच नाय करायचा तर कोन?"

त्यांनी तिचा अंबाडा सोडून केस पिंजारले. हसा म्हणाले. आत्या मनापासून हसली, आणि शूटिंग बघायला जमलेली पोरं किंचाळत आयांच्या मागे पळाली.

"कट! एक नंबर!"

आत्या चिखल तुडवत आली. चेहरा नुसता फुललेला.

"पुस्तकातपन मी अशीच हाय ना गो?"

"हो, आत्या," पौर्णिमा म्हणाली. "अगदी अशीच."