एका बिबट्याखाली तेवीस नोंदी

पिंजऱ्यातल्या बिबट्याचा फोटो सकाळी साडेआठला वनखात्याकडून आला आणि कल्याणीने ॲपमध्ये त्याच्या नावापुढे 'जेरबंद' अशी खूण केली. खूण होताच त्याच्याखालच्या तेवीसच्या तेवीस लाल नोंदी हिरव्या झाल्या. येडगाव धरणाकाठच्या पाच गावांतल्या मोबाईलवर आपोआप निरोप गेला : धोका टळला.

जुन्नरच्या बाजारपेठेत संयमच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. वरच्या माडीवर संयम आणि कल्याणीचं ऑफिस. बिबट्या दिसला की गावकऱ्याने जागा, वेळ आणि जमलं तर फोटो टाकायचा, म्हणजे बाकीचे सावध होतील, एवढंच ॲपचं काम. आधी कल्याणीने सगळ्या नोंदी नुसत्या एकाखाली एक मांडल्या होत्या. पंधरा ओळी बघून लोकांना पंधरा बिबटे वाटले. बाया गवताला जाईनात, पोरं शाळेत जाईनात. सरपंचांनी फोन करून तिलाच सुनावलं. मग तिने मांडणी बदलली. वर एक बिबट्या. त्याच्या नावावर बोट ठेवलं की खाली त्याच्या सगळ्या नोंदी उघडायच्या. लोकांचा जीव भांड्यात पडला. एकच तर आहे.

संयमने चहा ओतता ओतता सहज विचारलं, "गावातून नवीन नोंद आली, की ती कुठल्या बिबट्याखाली जाते?"

"ह्याच्याच. यादीत दुसरा आहे कुठे?"

बोलून गेली आणि तिचा हात कपाकडे जाता जाता थांबला. नोंद करणाऱ्याला निवडायला तिने एकच नाव ठेवलं होतं. कुणी काहीही पाहिलेलं असो, ते ह्याच्याच खात्यावर चढत होतं.

तिने नोंदी वेळेप्रमाणे लावल्या. सोमवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं : धरणाच्या भिंतीजवळ, फोटो गेणूने टाकलेला. तोच सोमवार, सहा वाजून बारा मिनिटं : बुद्धविहारामागची वाट, फोटो चिमाबाईच्या सुनेचा. मधे सहा-सात किलोमीटर अंतर, त्यात निम्मं पाणी. तिने दोन्ही फोटो मोठे केले. गेणूच्या फोटोतल्या बिबट्याचा डावा कान फाटलेला होता. पिंजऱ्यातल्याचाही. विहारामागच्या बिबट्याचे दोन्ही कान धड होते.

संयमने तिच्या खांद्यावरून बघितलं आणि चहाची किटली खाली ठेवली.

तिने 'जेरबंद'ची खूण काढली. नोंदी पुन्हा लाल झाल्या, दुसरा निरोप सुटला : धोका कायम. पहिला निरोप आतापर्यंत चारशे सहा जणांनी वाचलेला दिसत होता. दुसऱ्यापुढे आकडा होता नऊ. ती बघत राहिली. दहा झाले. मग बराच वेळ दहाच.

तिने घरी फोन लावला. वडिलांनी, भागुजींनी उचलला. ते खुशीत होते. तुझा मेसेज मीच आईला वाचून दाखवला म्हणाले. चार दिवस म्हशीला ओला चारा नव्हता, आई आत्ता विळा घेऊन गेली. कुठे, असं कल्याणीने विचारलं, तर म्हणाले, दुसरीकडं कुठं, विहारामागच्या उसाच्या बांधावर.

तिने आईचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. संयमने मोटारसायकलची किल्ली उचलली, तो जिना उतरलासुद्धा. पण इथून तिच्या घरच्या वस्तीवर पोचायला अर्धा तास तरी लागणार होता. तिने पुन्हा लावला. वाकलेला माणूस बिबट्याला सावजच वाटतो, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. या वेळी उचलला गेला.

"आई, वाकू नको. गवत राहू दे, आधी सरळ उभी राहा."

पलीकडे उसाची पाती एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"उभीच हाय मी," कोंडाबाई म्हणाली. तिचा आवाज श्वासाएवढाच होता. "कवाची उभी हाय. तू आता बोलू नगं."