उलट्या बाजूच्या गाठी
पाण्यापासून हायड्रोजन काढायच्या प्रयोगात बाजारच्या जाळीवरचा उत्प्रेरकाचा लेप टिकेना, तेव्हा आफरीनने निकेलची तार माझ्यापुढे ठेवली. “नाना, तुमच्या लूमवर एवढी जाळी विणा ना. लाजता काय?” नातीला नाही म्हणवेना. भिवंडीत जन्मभर सूत विणलं, तार कधीच नाही. ती सात ठिकाणी तुटली. मी विणकराच्या गाठी मारल्या आणि दिसू नयेत म्हणून कापडासारख्याच उलट्या बाजूला घेतल्या. विणलेल्या जाळीवर आफरीनने तोच लेप चढवला. आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षकांसमोर तिने जाळी काचेच्या भांड्यात सोडली. “सुलटी बाजू पुढे ठेव गं,” मी पुटपुटलो. वीज जोडताच पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे उठले. तासाभराने इतरत्र लेप सुटू लागला; गाठींवर मात्र घट्ट होता, बुडबुडेही तिथेच दाट. “या गाठी कोणी मारल्या?” परीक्षकांनी विचारलं. माझी मान खाली गेली. “आमच्या नानांनी! पुढची जाळी नुसत्या गाठींची,” म्हणत आफरीनने उलटी बाजू सगळ्यांपुढे केली.