चांगला पाय

अन्वीनं डाव्या पायावर तिसरी उडी मारली आणि त्याच पायावर न डगमगता उभी राहिली. चैत्रालीनं तिच्या टाचेशी खडूची रेघ ओढली, टेप ताणली.

"किती, ताई?"

"एकशे पस्तीस."

"आणि राईट एकशे बेचाळीस. म्हणजे?"

"पंच्याण्णव टक्के."

अन्वीनं हवेत मूठ हाणली. नव्वद पुरले असते. ऑपरेशन झालेला पाय चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के उडी मारतो, एवढं चैत्रालीनं, बास्केटबॉल क्लबच्या फिजिओनं, लिहून दिलं की करारावर सही होणार. तीन वर्षं, क्लबला कुणालाही देता येईल तो सगळ्यात मोठा पगार, आणि या शनिवारी लगेच मॅच. साडेपाचपर्यंत कागद गेला नाही, तर तोच पगार लिथुआनियाच्या एका मुलीला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

चैत्रालीला वॉटफर्डहून पाच पस्तीसची मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन गाठायची होती. हॅरोची नर्सरी सहाला बंद होते, आणि सगळी मुलं गेली की वरदा आपले इवलेसे बूट हातात घेऊन दारापाशी जाऊन बसते. छाती मघापासून दुधानं भरून आली होती. शरीराला वेळ बरोब्बर कळते, त्याला थापा मारता येत नाहीत.

दार ढकलून कॉलिननं डोकं आत घातलं. क्लबचा मॅनेजर. "झालं का?"

"दोन मिनिटं."

"बावीस मॅचेसपैकी नऊ खेळलेल्या मुलीला एवढा पगार. लोक मला वेडा म्हणतायत." तो हसत म्हणाला, पण दार लावताना हसत नव्हता.

"नऊच्या नऊ जिंकलो," अन्वी बंद दाराला म्हणाली.

चैत्रालीनं फायलीतून जुना कागद काढला. गुडघा दुसऱ्यांदा जायच्या आधीचा. त्यावर उजव्या पायासमोर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, एकशे अडुसष्ट. तिनं तो कागद नव्या कागदाशेजारी ठेवला.

"उजवी परत मार."

"का? तीन झाल्या की."

"उजवी सव्वीस सेंटीमीटर कमी झालीय. ऑपरेशन डाव्या पायाचं होतं."

अन्वी खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागली, मग तीच पुन्हा बांधायला लागली. "नऊ महिने सोफ्यावर होती मी. होणारच ना कमी."

"अन्वी."

"काय?"

"अंग चोरून मारलीस."

हॉलच्या दुसऱ्या टोकाला दोन म्हातारे बॅडमिंटन खेळत होते.

"सगळे करतात, ताई. कॉलिन ते नंबर बघत पण नाही. तो फक्त टक्के बघतो."

"माहितीये मला."

"मग? तू सांग, मी डिझर्व्ह नाही करत? माझी आई वेम्बलीला पेढे शोधतेय सकाळपासून."

"तू काय डिझर्व्ह करतेस ते मला कुणी विचारलेलं नाही गं. मला पायाचं विचारलंय." चैत्रालीनं घड्याळाकडे पाहिलं आणि पाहिल्याबद्दल स्वतःवरच चिडली. "शनिवारी कुणीतरी अंगावर धावून आली ना, की उजवा चोरी विसरेल. पूर्ण जोर लावेल. डाव्याला ते झेपायचं नाही. मग तिसरं ऑपरेशन. आणि मग मी तुला बोट धरून चालायला शिकवीन, वरदाला शिकवते तशी."

"तू मला बेबी समजतेस."

"उडी मार."

अन्वी रेघेवर आली. तोंडातल्या तोंडात काहीतरी इंग्रजी पुटपुटली, उजव्या पायावर उभी राहिली आणि रागानं सुटली. उडी संपतच नाही असं चैत्रालीला क्षणभर वाटलं. एका म्हाताऱ्याची सर्व्हिस हातातच राहिली. मग फरशीवर एकच, ठाम आवाज.

चैत्रालीनं गुडघ्यावर बसून रेघ ओढली. टेप दोनदा लावली.

"एकशे एकाहत्तर."

"खरंच?" अन्वीचा चेहरा एकदम उजळला, आवरायच्या आतच. "एवढी मी कधीच नव्हती मारली. कधीच."

"सुंदर होती," चैत्राली म्हणाली. तिलाही हसू लपवता आलं नाही. मग तिनं फोनवर भागाकार केला आणि फोन अन्वीपुढे धरला. एकोणऐंशी.

"लिहिलंस?" अन्वीनं विचारलं.

"एकशे एकाहत्तर लिहिलं. टक्के लिहितेय."

अन्वीनं डावा पाय हळूच पुढे सरकवला आणि बूट नेमका त्या शेवटच्या रेघेवर ठेवला. पांढऱ्या रेघेचं एक टोकही दिसेना. "थोडं रब केलं तर जातं ते, ताई."

चैत्रालीनं पेनाचं टोपण लावलं नाही. पाच पंचवीस.

दार उघडलं. कॉलिन या वेळी पूर्ण आत आला, कागदासाठी हात पुढे करूनच. "हं, किती?"

चैत्रालीनं तोंड उघडलं.

"एक मिनिट," अन्वी म्हणाली. "आधी इकडे ये. माझी खरी उडी बघ."

आणि तिनं डावा पाय रेघेवरून उचलला. तो तसाच अधांतरी धरून ती उजव्यावर उभी राहिली, कॉलिन टेपचं टोक धरून खाली बसेपर्यंत.