गेटवरची नोंद

नैरोबीतल्या त्या चर्चने मुसलमान पहारेकरी ठेवला नसता, म्हणून स्वालेहने नोकरीला लागताना आपलं नाव एलायजा सांगितलं होतं. चार वर्षं तो दर रविवारी गेटवर येणाऱ्यांच्या पिशव्या तपासत होता, आणि भाविक त्याला कौतुकाने 'आमचा एलायजा' म्हणत.

त्या रविवारी काळा बुरखा घातलेली एक बाई धापा टाकत गेटशी आली. रांगेतली माणसं चार पावलं मागे सरली. स्वालेहने तपासणीचं यंत्र तिच्याभोवती फिरवलं. ते वाजलं नाही.

"कुणाला शोधतेस गं?" चर्चचे कारभारी न्दिरांगु पुढे आले. "तुमची मशीद पलीकडच्या गल्लीत आहे. का आज आमच्यात यायचं ठरवलंयस?"

रांगेत कुणीतरी हसलं.

बाईने क्षणभर स्वालेहकडे पाहिलं. मग ती कारभाऱ्यांना म्हणाली, "सरकारी दवाखाना कुठे, ते विचारायला आले, साहेब. माझ्या पोराला आकडी आलीय. शेजारी त्याला घेऊन पुढे गेलेत."

"आणि पोराचा बाप कुठाय?"

"वारला, साहेब."

"हे लोक काय, काहीही सांगतील. एलायजा, हिचं नाव-गाव, सगळं लिहून घे. मगच सोड."



स्वालेहने आपल्या बायकोला तिचं नाव विचारलं, आणि रजिस्टरात त्यापुढे लिहिलं, 'विधवा'.