मालकिणीचा फोटो

"फोटो स्टुडिओचं लायसन्स काढताय आणि स्वतःचाच फोटो नाही?" सेतू केंद्रातल्या बाईंनी अर्ज परत सरकवला.

अख्ख्या गावाची लग्नं टिपणारी हेमांगी ओशाळली. तिचा प्रिंटर अजून यायचा होता. गावात दुसरा स्टुडिओ एकच, शिंगरेकाकांचा, आणि तिचं नवं दुकान अगदी त्याच्यासमोर. ती मान खाली घालूनच आत शिरली.

"लायसन्ससाठी ना?" काका कॅमेऱ्यामागे गेले. "हनुवटी वर. जरा मालकिणीसारखी बस." तिला हसू फुटलं, तेवढ्यात त्यांनी बटण दाबलं.

तिनं पर्स उघडताच त्यांनी हात आडवा केला. "पैसे नकोत. दुकान उघडलंस की पहिला फोटो माझा काढ. मलाही लायसन्सच्या नूतनीकरणाला हवाय. आजवर या गावात माझा फोटो काढणारं होतं कोण?"